भात्यातले आठ मिलिमीटर

लार्ज फॉरमॅट कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या एखाद्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची तळफळी जवळून पाहिली, तर कधी कधी तिथे एक न शोभणारी वस्तू दिसते. ती म्हणजे कंपासपेटीतल्या सहा इंची पट्टीचा कापलेला तुकडा. भिंग जर्मन किंवा जपानी, लाकूड पॉलिश केलेलं, पितळी खिळे चकचकीत, आणि त्या सगळ्याच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीनं डकवलेली ही प्लास्टिकची पट्टी. नवख्याला ती जुगाडासारखी वाटते. ज्याचा या कॅमेऱ्यावर हात बसलाय, तो एक वेळ लाइटमीटर घरी विसरेल, पण ही पट्टी काढणार नाही. चित्रात जवळचं काय आणि लांबचं काय एकाच वेळी स्पष्ट येणार, याचा हिशेब तो तिच्यावरच करतो. स्पष्टतेच्या त्या व्याप्तीला फोटोग्राफीच्या भाषेत डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, आणि पुढच्या पानांचा विषय तोच आहे.

आधी हा कॅमेरा म्हणजे काय ते थोडक्यात. समोर एक फळी, तिच्यात भिंग. मागे दुसरी फळी, तिच्यात दुधी काच. दोन्हींच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवला की चित्र घ्यायला कॅमेरा तयार. फिल्म ४ × ५ इंचांची असते किंवा ८ × १० इंचांची. म्हणजे एकेक निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी किंवा वहीच्या पानाएवढी. भिंगावर अंतराचे आकडे नसतात, कारण फोकस करायला फिरवायची कडीच त्यावर नसते. भाता लांबवला की जवळचं स्पष्ट होतं, मिटवला की लांबचं. काचेवरचं चित्र उलटं दिसतं, आणि डावं-उजवंही बदललेलं असतं. आभाळ खाली, गवत वर. आठवडाभरात डोळ्यांना त्याची सवय होते.

आता त्या पट्टीचं काम. समजा, कॅमेरा ४ × ५ चा आहे आणि भिंगाची फोकल लेंग्थ १५० मिमी. समोर तीन मीटरवर दगडफूल चढलेला एक कातळ आहे आणि मागे डोंगराची रांग. छायाचित्रकार काळ्या कापडात डोकं घालतो, दुधी काचेवर छोटं भिंग टेकवतो आणि कातळावरच्या दगडफुलाच्या कडा धारदार होईपर्यंत मूठ फिरवतो. मग कापडाबाहेर येऊन पट्टीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ मारतो. पुन्हा कापडात. आता डोंगराची कड स्पष्ट करतो आणि दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर भरतं सुमारे आठ मिलिमीटर. पुढची फळी तो बरोबर मधोमध, म्हणजे चार मिलिमीटरवर आणतो आणि घट्ट करतो. आठला पाचनं गुणतो : चाळीस. भिंगाच्या अ‍ॅपर्चरवर, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या मापात, एफ/४० असा आकडा नसतो, म्हणून त्याच्या पुढचा एफ/४५ लावतो. झालं.

ना कोष्टक, ना मोबाइलवरचं अ‍ॅप. कातळ किती मीटरवर होता हेसुद्धा त्याला माहीत असायची गरज नव्हती.

पाचनंच का गुणायचं, हे समजायला शेंगदाण्याची पुडी आठवावी. भिंगातून आत आलेला प्रकाश पुडीसारख्या शंकूच्या आकारात एका टोकाशी एकवटतो. फिल्म नेमकी त्या टोकावर असेल तर ठिपका मिळतो. थोडी पुढे-मागे असेल तर शंकू कापला जाऊन ठिपक्याची चकती होते. शंकू किती निमुळता, ते अ‍ॅपर्चरचा आकडा सांगतो. एफ/२२ म्हणजे टोकापासून २२ मिमी सरकल्यावर चकती १ मिमी रुंद, आणि २.२ मिमी सरकल्यावर ०.१ मिमी. ४ × ५ च्या निगेटिव्हवर ०.१ मिमीपर्यंतची चकती ठिपका म्हणून चालवून घ्यायची, असा रूढ संकेत आहे. फळी दोन रेघांच्या मधोमध असल्यामुळे दोन्ही टोकं त्या जागेपासून निम्म्या अंतरावर पडतात. म्हणून अ‍ॅपर्चरचा आकडा काढायला दोन रेघांमधल्या अंतराला ०.२ नं भागायचं. ०.२ नं भागणं म्हणजेच पाचनं गुणणं. इयत्ता सहावीचं गणित.

या साध्या भागाकाराच्या पोटात एक उलटापालट आहे आणि या विषयाची खरी मेख तीच आहे. डेप्थ ऑफ फील्ड म्हटलं की माणूस समोरच्या दृश्याकडे बघतो. कातळ इतक्या मीटरवर, झाड तितक्या मीटरवर, असा बाहेर हिशेब मांडतो. हा कॅमेरा मात्र त्याला आत मोजायला लावतो. बाहेरचं सगळं जग भात्यातल्या काही मिलिमीटरांत दुमडलेलं असतं, आणि ते सारख्या मापानं दुमडलेलं नसतं. त्याच १५० मिमीच्या भिंगाचे आकडे पाहा. एक मीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या जागेला आत १४ मिलिमीटर लागतात. शंभर मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत, म्हणजे गावाची वेस, नदी, पलीकडचं गाव आणि त्यामागचे डोंगर, या सगळ्याला मिळून लागतो ०.२ मिलिमीटर. दोन साध्या कागदांएवढा!

शाळेच्या ग्रुप फोटोवर हे फार छान उमगतं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्टुडिओवाल्यांकडे वर्षानुवर्षं लाकडी फील्ड कॅमेरे होते. केरळातल्या आलप्पुझात बनणारा ‘वागेश्वरी’ त्यांतला नावाजलेला. वर्गाचा फोटो म्हटलं की खुर्च्यांवर गुरुजी आणि बाई, पायाशी मांडी घालून लहान मुलं, मागे उभी रांग, तिच्या मागे बाकावर चढलेली उंच पोरं. पुढच्या गुडघ्यांपासून मागच्या टोपीपर्यंत समजा दीड मीटर, आणि पुढची रांग कॅमेऱ्यापासून पाच मीटरवर. ४ × ५ चा कॅमेरा आणि १५० मिमीचं भिंग धरलं तर अख्खा वर्ग भात्यात १.१ मिलिमीटरमध्ये बसतो. पाचनं गुणलं की साडेपाच; एफ/८ भरपूर झालं. तरी जुन्या फोटोंत एखाददुसरा चेहरा पुसट दिसतोच. त्याचा दोष डेप्थला देण्यात अर्थ नाही. फोटोग्राफरनं भिंगाची टोपी काढून मनातल्या मनात आकडे मोजले, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढला.

फोटोग्राफीच्या वर्गांतून सर्रास शिकवला जाणारा एक नियम इथे उघडा पडतो. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंमधल्या अंतराच्या एक तृतीयांशावर फोकस करा, असं सांगतात. लांबची वस्तू क्षितिजावरचा डोंगर असेल, तर अनंताचा एक तृतीयांश कुठून आणायचा? हा नियम एका ठरावीक अंतराला बरोबर बसतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे नाही. अगदी जवळून चित्र घेताना स्पष्टता पुढे-मागे जवळजवळ निम्मीनिम्मी वाटली जाते. लांबच्या दृश्यात तिचा मोठा वाटा मागे जातो. भात्यात मधोमध आणण्याचा नियम मात्र कुठेही चालतो. कातळ-डोंगराच्या दृश्यात फळी मधोमध आणल्यावर प्रत्यक्षात फोकस पडतो सहा मीटरच्या किंचित अलीकडे, म्हणजे कातळाच्या अंतराच्या साधारण दुप्पट. तो आकडा कुणी ठरवलेला नसतो, तो आपोआप निघतो.

मग प्रश्न येतो की ३५ मिमीच्या कॅमेऱ्यावर एफ/१६ लावून जे भागतं, त्यासाठी इथे एफ/४५ पर्यंत का जावं लागतं? छोट्या कॅमेऱ्यात तेवढाच देखावा ५० मिमीचं भिंग टिपतं. एफ/१६ ला त्याची स्पष्टता अडीच-पावणेतीन मीटरपासून अनंतापर्यंत पोहोचते. ४ × ५ वर त्याच देखाव्याला १५० मिमीचं भिंग हवं, आणि एफ/१६ ला ते सात मीटरच्या अलीकडचं सगळं धूसर करून टाकतं. अडीच मीटरपर्यंत परत यायचं तर एफ/४५. ८ × १० वर भिंग ३०० मिमीचं होतं आणि आकडा एफ/९० वर जातो. निगेटिव्ह मोठी झाल्यावर चकतीची मोकळीक वाढते खरी, ४ × ५ ला ०.१ तर ८ × १० ला ०.२ मिमी. पण फोकल लेंग्थ वर्गानं मारते, आणि ती मोकळीक कुठल्या कुठे वाहून जाते.

बरं, अ‍ॅपर्चर बारीक करून काचेवर डोळ्यांनी का बघू नये? बघता येत नाही, म्हणूनच हा सगळा खटाटोप. एफ/५.६ वर फोकस केलेलं चित्र एफ/४५ ला नेलं की काचेवरचा प्रकाश चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. भर दुपारीसुद्धा काळ्या कापडाखाली काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. कोपरे तर पूर्ण बुडालेले. अशा अंधारात दगडफुलाची कड स्पष्ट आहे की नाही, हे ठरवणं म्हणजे शुद्ध विश्वासाचा मामला. म्हणून पट्टी.

चकतीच्या या मर्यादेला इंग्रजीत सर्कल ऑफ कन्फ्यूजन म्हणतात. नाव वेदान्तातलं वाटेल, पण मामला डोळ्यांचा आहे. वाचायच्या अंतरावर, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटरवर धरलेल्या ८ × १० इंची प्रिंटवर ०.२ मिमीची चकती चांगल्या डोळ्यांनाही ठिपका वाटते. ८ × १० ची निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून कॉन्टॅक्ट प्रिंट केली तर हीच मर्यादा निगेटिव्हला लागू. ४ × ५ ची निगेटिव्ह दुप्पट वाढवायची, म्हणून तिला निम्मी, ०.१. थोडक्यात, हा आकडा भौतिकशास्त्राचा अटळ नियम नाही, तो एक करार आहे. प्रिंट किती मोठी आणि बघणारा किती जवळ, यावर ठरलेला. भिंतभर प्रिंट काढून कुणी नाक टेकवून बघणार असेल तर करार मोडला. तेव्हा ०.०५ धरावं लागेल आणि पाचऐवजी दहानं गुणावं लागेल. डेप्थ ऑफ फील्डची तयार कोष्टकं वापरणारे पुष्कळजण नेमकं हे विसरतात. कोष्टक कुणाच्या प्रिंटसाठी केलं होतं, हे त्यावर छापलेलं नसतं.

बारीक अ‍ॅपर्चरचं वेड एका आख्ख्या गटाच्या नावात जाऊन बसलं. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात ‘ग्रुप एफ/६४’ या नावानं एक प्रदर्शन भरलं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलर्ड व्हॅन डाइक ही त्यातली ठळक नावं. त्या काळात कलात्मक फोटो म्हणजे धुक्यात बुडवलेला, चित्रासारखा मऊ फोटो, असा समज होता. या मंडळींना ताटातल्या तांदळासारखा दाणा न् दाणा वेगळा दिसायला हवा होता. नावाचीही एक गंमत आहे. व्हॅन डाइक यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी आधी ‘यूएस २५६’ हे नाव सुचवलं होतं. अ‍ॅपर्चर मोजायच्या एका जुन्या पद्धतीत एफ/६४ चा तोच आकडा येतो. लोकांचा गोंधळ उडेल असं अ‍ॅडम्सना वाटलं, आणि एफ/६४ ठरलं. बरंच झालं म्हणायचं.

वेस्टन यांची ‘पेपर नंबर ३०’ ही १९३० ची ढोबळी मिरची या वेडाचं सर्वांत जवळून पाहण्यासारखं उदाहरण आहे. ती मिरची त्यांनी पत्र्याच्या एका नरसाळ्याच्या तोंडात ठेवली होती. तिच्या वळणांवर नरसाळ्याच्या आतल्या भिंतीवरून परतलेला उजेड पडतो, म्हणून ती ओल्या अंगासारखी चमकते. ८ × १० च्या निगेटिव्हवर मिरची जवळपास तिच्याच आकाराची आणायची म्हटलं, तर हिशेब क्रूर होतो. चित्र वस्तूएवढंच असताना एफ/६४ लावूनही स्पष्टतेची खोली जेमतेम पाच सेंटिमीटर मिळते. बाजारातल्या ढोबळीचं पोट त्यापेक्षा जाड. शिवाय इतक्या जवळ आल्यावर भाता फोकल लेंग्थच्या दुप्पट लांब झालेला असतो आणि फिल्मवर पोहोचणारा प्रकाश चौथाईवर आलेला. मग शटर उघडं ठेवायचा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. सुदैवानं मिरची हलत नाही. (भाजी म्हणून फोडणीत जाण्याआधी तिला इतका वेळ स्थिर बसायला लावणारा दुसरा कुणी झाला नसेल.)

पण मग एफ/१२८, एफ/२५६ असं खाली जातच का राहू नये? इथे विवर्तन आडवं येतं. भोक जितकं बारीक, तितका प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, आणि नेमक्या फोकसवरचा ठिपकासुद्धा फुगतो. लहान कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हला एफ/६४ ला हा फुगवटा परवडणार नाही, कारण पुढे ती आठपट वाढवायची असते. ८ × १० ची कॉन्टॅक्ट प्रिंट काढणाऱ्याला मात्र तो दिसतही नाही. वेस्टन कॉन्टॅक्ट प्रिंटच काढत, त्यामुळे एफ/६४ हा त्यांच्यासाठी हट्ट नव्हता, सोय होती.

या दोन धूसरपणांचा मेळ घालणारं एक सूत्र पॉल हान्स्मा यांनी १९९६ मध्ये मांडलं. हान्स्मा पेशानं भौतिकशास्त्रज्ञ. दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ३७५ नं गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. जो आकडा येईल ते अ‍ॅपर्चर. कातळाच्या दृश्यात हे एफ/५४ च्या आसपास येतं, म्हणजे एफ/४५ आणि एफ/६४ च्या मध्ये. या ठिकाणी फोकस चुकल्यामुळे टोकांना होणारी चकती आणि विवर्तनानं होणारी चकती दोन्ही सारख्या आकाराच्या होतात. यापेक्षा उघडं ठेवलं तर टोकं बिघडतात, यापेक्षा बंद केलं तर सगळंच थोडं थोडं बिघडतं. पाचनं गुणायची पद्धत म्हणते की इतकं तरी बारीक करा; हान्स्मा म्हणतात की नेमकं इतकंच करा. या दृश्यात दोन्हींमध्ये फरक एका स्टॉपच्या, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या एका पायरीच्या, आतलाच. वर्गमूळ तोंडी येत नसलेल्यानं इथे पाचचा पाढा धरला तरी बिघडत नाही.

आतापर्यंत भिंगाची फळी आणि फिल्मची फळी समांतर धरल्या. पण हा कॅमेरा बाळगायचं अर्धं कारण हेच की त्या समांतर ठेवाव्या लागत नाहीत. पुढची फळी थोडी पुढे झुकवली की स्पष्टतेचं प्रतलही झुकतं, इतकं की ते जमिनीवर आडवं पसरता येतं. फिल्म, भिंग आणि स्पष्टता यांची तीन प्रतलं तेव्हा एका रेषेत मिळतात, वहीची तीन पानं एका शिवणीत मिळावीत तशी. या नियमाला थिओडोर शाइमफ्लूग या ऑस्ट्रियन सैन्याधिकाऱ्याचं नाव आहे. आकाशातून घेतलेल्या तिरक्या फोटोंवरून नकाशे कसे काढावेत, या विवंचनेतून त्यांनी १९०४ मध्ये ब्रिटिश पेटंट घेतलं. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे एका फ्रेंच इंजिनिअरच्या आधीच्या, १९०१ च्या पेटंटचा हवाला दिलाय : ज्युल्स कार्पांतिए. नाव शाइमफ्लूगचं राहिलं, कार्पांतिए मागे पडले. पण मुंबईकरांशी कार्पांतिएंचा एक आडवळणाचा ऋणानुबंध आहे. ल्यूमिएर बंधूंची सिनेमॅटोग्राफ यंत्रं त्यांच्याच कारखान्यात तयार होत, आणि त्याच सिनेमॅटोग्राफचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात झाला.

शाइमफ्लूगचा नियम सुंदर असला तरी शेतात उभं राहून तो वापरणं अवघड, कारण ती शिवण नेमकी कुठे पडते ते दिसत नाही. व्यवहारातला उपाय कॅनडाच्या हॅरल्ड मर्कलिंगर यांनी १९९० च्या दशकात सांगितला. त्यांचं म्हणणं असं की झुकवलेल्या भिंगाच्या खाली ठरावीक अंतरावर एक अदृश्य बिजागरी असते, आणि स्पष्टतेचं प्रतल तिच्यावर दारासारखं फिरतं. भाता लांब-आखूड केला की दार उघडतं-मिटतं, बिजागरी जागची हलत नाही. फोकल लेंग्थला बिजागरीच्या अंतरानं भागलं की फळी किती झुकवायची त्या कोनाची साइन मिळते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच आणि भिंग १५० मिमीचं, म्हणजे ०.१, कोन पावणेसहा अंशांचा. नवखे हमखास वीस-वीस अंश झुकवतात आणि मग काचेवर काहीच का जमत नाही म्हणून घाम पुसत बसतात.

भाद्रपदातल्या कास पठारासारखी सपाट, फुलांनी भरलेली जमीन डोळ्यांसमोर आणावी. दोन मीटरवरच्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट हवं. फळी न झुकवता मोजलं तर भात्यात बारा मिलिमीटरचा फरक येतो, पाचनं गुणून एफ/६४ च्या घरात जावं लागतं. पावणेसहा अंश झुकवलं की एफ/२२ वर काम होतं. पण स्पष्टतेचा आकार आता बदललेला असतो. आधी ती दोन समांतर पडद्यांमधली जागा होती. आता ती पाचरीसारखी आहे, बिजागरीपाशी टोकदार आणि लांब जाताना उंच होत जाणारी. या मांडणीत दोन मीटरवर जमिनीपासून तीस सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट येईल, पाच मीटरवर पाऊण मीटर, दहा मीटरवर दीड मीटर. गुडघाभर फुलांना एवढं पुष्कळ. मध्येच दहा मीटरवर एखादं उंच झाड उभं असेल, तर बुंधा कोरीव आणि शेंडा लोण्यासारखा येईल. तेव्हा झुकवणं सोडून द्यावं आणि मुकाट एफ/६४ ला जावं. झुकवता येतं म्हणून झुकवायचं, ही या कॅमेऱ्याची नेहमीची भूल आहे.

कमी डेप्थचा उपयोग करून घेणारेही आहेतच. ८ × १० वर ३०० मिमीचं भिंग, दोन मीटरवर माणूस आणि एफ/५.६ : स्पष्टतेला मिळतात आठ-साडेआठ सेंटिमीटर. डोळे आणि नाक वाचतात, कान विरघळायला लागतात. बसलेला माणूस श्वास घेताना पुढे-मागे डोलला तरी पुरे. अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून दरवर्षी आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणींचा एकत्र फोटो अशाच ८ × १० च्या कॅमेऱ्यानं घेतला. चौघी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, याला मायेइतकंच भूमितीचंही कारण आहे. एकीनं अर्धं पाऊल मागे घेतलं की ती चित्रातून निसटायला लागते.

आणि अ‍ॅडम्स यांचा तो गाजलेला ‘मूनराइज, हर्नांदेझ’. न्यू मेक्सिकोतल्या रस्त्यावरून जाताना त्यांना मावळतीच्या उजेडात चमकणारे स्मशानातले क्रूस दिसले. त्यांनी गाडी थांबवली आणि ८ × १० चा कॅमेरा घाईघाईनं मांडला. लाइटमीटर सापडेना, म्हणून चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून एक्स्पोजर काढलं. भिंग २३ इंची, गडद पिवळा फिल्टर, एफ/३२, एक सेकंद. चंद्र आकाशात कुठे होता त्यावरून खगोलशास्त्रज्ञांनी पुढे तारीख काढली : १ नोव्हेंबर १९४१. पण डेप्थच्या अंगानं या चित्राकडे सहसा कुणी बघत नाही. २३ इंच म्हणजे ५८४ मिमी. एवढ्या लांब भिंगाला एफ/३२ वर ८ × १० च्या मापानं पाहिलं, तर सुमारे ५३ मीटरवर फोकस केल्यास सव्वीस-सत्तावीस मीटरपासून चंद्रापर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्या चित्रात पायाशी गवत नाही की कातळ नाही. जवळचं काही चौकटीत घ्यायचं असतं तर एफ/३२ पुरलं नसतं. एफ/६४ लावावं तर एक सेकंदाचे चार सेकंद होतात. अ‍ॅडम्स होल्डर उलटा करून दुसरी फिल्म घ्यायला गेले, तोवर क्रूसांवरचा उजेड उतरला होता.

म्हणजे डेप्थचा प्रत्येक स्टॉप वेळेत चुकवावा लागतो. आयएसओ १०० ची फिल्म, लख्ख ऊन : एफ/१६ ला सेकंदाचा शंभरावा भाग. एफ/४५ ला बारावा. पिवळा फिल्टर चढवला की सहावा. हेच पहाटे, प्रकाश चार स्टॉपनं कमी असताना, पावणेतीन सेकंद. कातळाला त्याचं काही नाही, डोंगरालाही नाही. पण कातळाच्या भेगेत उगवलेल्या गवताच्या काडीला आठ मिलिमीटर आणि एफ/४५ हे काहीच माहीत नसतं. म्हणून सगळा हिशेब झाल्यावर, होल्डरची डार्क स्लाइड ओढून काढल्यावर, केबल रिलीज अंगठ्याखाली धरून छायाचित्रकार उभा असतो, नजर त्या काडीवर. वारा पडतो. काडी थांबते. तेवढ्यात उन्हावर ढग येतो, आणि तो डार्क स्लाइड परत आत सरकवून लाइटमीटर काढतो.